इपुरुआ: सत्तावीस हजारांच्या गावाने राखलेलं मैदान

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला जमत नाही, लोकलमध्ये रेंज जाते किंवा ऑफिसात इअरफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी अवतार. बोलताना मी जितक्या वेळा 'म्हणजे' म्हणतो, त्यातले निम्मे इथे गाळलेत. बाकी मजकूर तोच.

आजचा विषय फुटबॉलचा आहे, पण फुटबॉल कळत नसेल तरी थांबा. खरा विषय मैदान आहे. एक छोटं गाव, त्याचा एक छोटा क्लब, आणि १९४७ पासून त्या क्लबचं घर असलेलं एक मैदान. गावाचं नाव एइबार, मैदानाचं नाव इपुरुआ. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांत आहे, तिथे.

हा विषय माझ्याकडे कसा आला, ते आधी सांगतो.

जुलै २०१४

माझी बारावी झाली होती. इंजिनिअरिंगच्या ऍडमिशनचे राउंड चालू होते आणि ब्राझीलचा वर्ल्ड कप नुकताच संपला होता. महिनाभर रात्री जागून मॅच बघितल्यावर आता काय करायचं, म्हणून मी फुटबॉलच्या बातम्या वाचत बसायचो. त्यात एक बातमी दिसली: स्पेनमधला एक क्लब ला लीगामध्ये पोचलाय, पण त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून त्याला खाली ढकलणार आहेत. तो क्लब जगभरातल्या लोकांना सांगत होता, आमचा शेअर घ्या. कमीत कमी पन्नास युरो.

तेव्हाच्या हिशोबाने चार हजार रुपये. मी मामाला विचारलं. मामा कोल्हापूरचा, तरुणपणी एका तालमीकडून बॅक खेळलेला. घरात फुटबॉल कळणारा माणूस तोच. तो म्हणाला, "खुळा झालास काय? इथं आपल्या तालमीला बॉल घ्यायला वर्गणी काढतोय आम्ही, आणि तू स्पेनला पैसे पाठवतोस?"

मुद्दा बरोबर होता. शिवाय घरात परदेशी पेमेंट चालणारं कार्डच नव्हतं. शेअर घ्यायचा राहून गेला. पण ते गाव डोक्यात राहिलं, आणि गेल्या दहा वर्षांत मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय.

गाव कसं आहे?

नकाशात बघा. एका बाजूला बिल्बाओ, दुसऱ्या बाजूला सान सेबास्तियन, आणि दोन्हीच्या साधारण मधे एइबार. बिल्बाओकडे अथलेटिक क्लब आहे, सान सेबास्तियनकडे रेआल सोसिएदाद. दोघंही स्पेनचे विजेते राहिलेले बलाढ्य क्लब. अशा दोन वडांच्या मधे हे रोपटं.

लोकसंख्या साधारण सत्तावीस हजार. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव समजा. तेही सपाट नाही, तर एका अरुंद दरीत कोंबलेलं. दोन्ही बाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे घरं पसरत नाहीत, उंच जातात. चढण इतकी की गावात रस्त्यांवर सरकते जिने आणि लिफ्ट बसवल्यात. आपल्याकडे हे मॉलमध्ये असतं, तिथे घरी जायच्या वाटेवर.

या गावाचा पिढीजात धंदा बंदुका बनवण्याचा. कित्येक शतकं तिथे हत्यारं घडवली गेली. म्हणून क्लबचं टोपणनाव आजही 'आर्मेरोस', म्हणजे बंदुका घडवणारे कारागीर. विसाव्या शतकात बंदुकांचा धंदा मंदावला तेव्हा त्याच लोकांनी त्याच हातांनी दुसऱ्या वस्तू बनवायला घेतल्या. नळी बनवता येते ना? मग सायकलची फ्रेमही बनवता येते. ऑर्बेआ आणि बीएच हे सायकलींचे दोन नामांकित ब्रँड मूळचे इथले, आणि दोन्ही आधी बंदुका बनवायचे. आल्फा नावाची कंपनी १९२० मध्ये कामगारांनी स्वतःच सहकारी तत्त्वावर काढली होती. तीही बंदुकांकडून शिलाई मशीनकडे वळली.

सहकार हा शब्द लक्षात ठेवा. कोल्हापूर, सांगलीकडच्या ऐकणाऱ्यांना तो समजावून सांगायची गरज नाही. दहा-दहा रुपये गोळा करून मोठं काहीतरी उभं करायचं आणि त्याची मालकी वाटून घ्यायची, ही सवय या गावाच्या अंगात क्लब जन्माला यायच्या आधीपासून होती.

राखेतून मैदान

१४ एप्रिल १९३१. स्पेनमध्ये राजेशाही संपून प्रजासत्ताक येणार होतं. माद्रिद, बार्सिलोना अजून उठायची होती, तेव्हा पहाटेच एइबारने आपल्या नगरपालिकेवर प्रजासत्ताकाचा झेंडा लावला. देशात सगळ्यात आधी. पुढे यादवी युद्ध पेटलं. कित्येक महिने लढाईची आघाडी या गावाला खेटून होती. एप्रिल १९३७ मध्ये विमानांनी बॉम्ब टाकले आणि गावाचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. पिकासोच्या चित्रामुळे जगाला माहीत असलेलं गेर्निका २६ एप्रिलला जळलं. एइबार त्याच्या आदल्या दिवशी.

युद्ध संपलं, फ्रँकोची हुकूमशाही आली, गाव अजून ढिगाऱ्यात. अशात नोव्हेंबर १९४० मध्ये गावातले दोन छोटे संघ, देपोर्तिवो गायो आणि उनिओन देपोर्तिवा एइबारेसा, एकत्र आले. तो आजचा एसडी एइबार. निळे-लाल पट्टे, लांबून बघितलं तर बार्सिलोनाच वाटावं असे.

आणि १४ सप्टेंबर १९४७ ला या क्लबला त्याचं मैदान मिळालं: इपुरुआ.

आता विचार करा, दरीतल्या गावात सपाट जागा मिळणार कुठे? गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर जागा सपाट करून हे मैदान झालं. आजही फोटो बघितलेत तर तीन गोष्टी दिसतात. मागे हिरवा डोंगर. जवळून जाणारा मोठा महामार्ग. आणि मैदानाला अगदी चिकटून उभ्या असलेल्या उंच इमारती. त्या इमारतींच्या बाल्कनीतून मॅच फुकट दिसते. ला लीगाची मॅच चालू आहे आणि वर कोणीतरी वाळत घातलेल्या कपड्यांच्या बाजूला उभं राहून बघतंय, असं दृश्य दुसऱ्या मोठ्या स्टेडियममध्ये क्वचितच दिसेल.

मैदान थोडं लहानही आहे. मोठ्या सामन्यांचं नेहमीचं माप १०५ बाय ६८ मीटर. इपुरुआ त्याहून जरा कमी. पावसाचा प्रदेश, त्यामुळे गवत ओलं. स्टँड एकदम रेषेला लागून. बाहेरून आलेल्या संघाला इथे पासिंगला मोकळी जागा मिळत नाही, आणि प्रेक्षक काय बोलतात ते खेळाडूला शब्दन् शब्द ऐकू येतं.

एक गोष्ट अधोरेखित करतो, कारण पुढे कामाला येणार आहे: हे मैदान क्लबच्या मालकीचं नाही. ते नगरपालिकेचं आहे. पूर्ण नावच 'एस्तादिओ मुनिसिपाल दे इपुरुआ', म्हणजे इपुरुआ नगरपालिका स्टेडियम. क्लब तिथे खेळतो, सांभाळतो, वाढवतो, पण जमीन गावाची.

चाळीस वर्षं कोणी विचारलं नाही

पुढची चाळीस वर्षं इपुरुआमध्ये जगाने दखल घ्यावी असं फारसं घडलं नाही. खालच्या डिव्हिजन, जवळपासच्या गावांशी सामने, कारखान्यातून सुटलेले कामगार बघायला.

१९८८ मध्ये संघ सेगुंडामध्ये, म्हणजे स्पेनच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चढला आणि सलग अठरा वर्षं तिथे टिकला. एवढ्याशा गावासाठी हा चमत्कारच. या काळात मोठे क्लब आपली पोरं इथे 'शिकायला' पाठवायला लागले. रेआल सोसिएदादने २००० मध्ये एक तरुण मिडफिल्डर उसना दिला: शाबी आलोन्सो. वालेन्सियाने २००४ मध्ये एक बारीकसा मुलगा पाठवला: दाविद सिल्वा. दोघंही पुढे वर्ल्ड कप जिंकलेल्या स्पेनच्या संघात होते. इपुरुआच्या चिखलात ज्याचं तंत्र टिकतं, त्याचं कुठेही टिकतं.

मग घसरण. संघ खाली गेला, वर आला, परत खाली गेला. २००९ पासून चार वर्षं तिसऱ्या स्तरावर. पण तिथूनही २०१२ च्या कोपा देल रेमध्ये त्यांनी बिल्बाओच्या अथलेटिक क्लबला बाहेर काढलं. तोच अथलेटिक काही महिन्यांपूर्वी युरोपा लीगची फायनल खेळला होता.

त्यानंतर गाडी सुसाट. २०१३ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. आणि लगेच पुढच्याच वर्षी, २०१४ मध्ये, प्रशिक्षक गाइस्का गारितानोच्या हाताखाली त्या डिव्हिजनमध्ये पहिला नंबर. बजेट डिव्हिजनमधल्या सगळ्यात लहान बजेटांपैकी एक. डोक्यावर कर्ज शून्य.

ला लीगाचं दार उघडलं होतं. आणि तिथेच कायदा आडवा आला.

कर्ज नाही, म्हणून शिक्षा

इथे नीट समजून घ्या, कारण मला स्वतःला हे तीनदा वाचावं लागलं होतं.

१९८० च्या दशकात स्पेनचे बरेच क्लब कर्जात बुडाले होते. म्हणून १९९० च्या क्रीडा कायद्याने सांगितलं की व्यावसायिक क्लबांनी कंपनी व्हायचं, शेअर काढायचे. रेआल माद्रिद, बार्सिलोना, अथलेटिक आणि ओसासुना या चौघांना सूट मिळाली, बाकी सगळे कंपनी झाले. मग १९९९ मध्ये नियम आला की या कंपनीचं भागभांडवल किमान किती हवं. तर, सेगुंडामधल्या क्लबांच्या सरासरी खर्चाच्या २५ टक्के. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी खर्चाचे दोन-दोन क्लब वगळून सरासरी काढायची.

कळलं का काय झालं ते? तुमचं भांडवल तुमच्या खर्चावर ठरत नाही. ते शेजाऱ्यांच्या खर्चावर ठरतं.

आपल्या भाषेत सांगतो. समजा, तुमच्या गल्लीत एक गणपती मंडळ आहे. वर्गणी जमेल तेवढाच मांडव, उधारी एक रुपयाची नाही. शहरातली बाकीची मंडळं कर्ज काढून पन्नास-पन्नास फुटी देखावे करतात. आणि एक दिवस तुम्हाला नोटीस येते: बाकीच्या मंडळांचा सरासरी खर्च काढलाय, त्याच्या चौथा हिस्सा तुम्ही बँकेत जमा दाखवा, नाहीतर तुमचं मंडळ बंद. ज्यांच्या डोक्यावर कर्ज आहे ते पास, ज्याच्यावर नाही तो नापास!

आकड्यांत: एइबारला दाखवायचे होते सुमारे २१ लाख ४० हजार युरो. त्यांचं भांडवल होतं सुमारे ४ लाख २० हजार. म्हणजे साधारण १७ लाख युरो कमी, तेव्हाच्या भावाने चौदा कोटी रुपयांच्या आसपास. मुदत ६ ऑगस्ट २०१४. नाही जमले तर ला लीगा सोडाच, दुसऱ्या डिव्हिजनमध्येही जागा नाही. थेट तिसऱ्या स्तरावर. मैदानावर पहिला नंबर आणून कागदावर दोन पायऱ्या खाली.

सोपा मार्ग होता. एखादा श्रीमंत माणूस गाठायचा, एक सही, सगळे शेअर त्याच्या नावावर. बऱ्याच क्लबांनी तेच केलंय. एइबारने उलट केलं. शेअर सगळ्यांसाठी खुले केले, आणि वर मर्यादा घातली की कोणा एकाला एक लाख युरोपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. म्हणजे पैसे हवेत, पण मालक नकोय.

मोहिमेचं नाव होतं 'देफिएन्दे आल एइबार', एइबारला वाचवा. शाबी आलोन्सो आणि दाविद सिल्वाने जाहीर पाठिंबा दिला. बातमी फिरली. पन्नासहून जास्त देशांतल्या लोकांनी शेअर घेतले. गावातल्या दुकानदारांपासून ते ज्यांना एइबारचा उच्चारही जमत नव्हता अशा लोकांपर्यंत. जुलैच्या मध्यालाच रक्कम पूर्ण झाली, मुदतीच्या तीन आठवडे आधी.

माझे चार हजार त्यात नाहीत. त्यांचं काही अडलं नाही. पण आठवण आली की अजून जरा टोचतं.

पहिला दिवस

२४ ऑगस्ट २०१४. इपुरुआमध्ये ला लीगाची पहिली मॅच. समोर कोण? शेजारचाच रेआल सोसिएदाद, ज्याला गावातली निम्मी माणसं आपला 'दुसरा संघ' मानायची. हाफ टाइमच्या जरा आधी हावी लाराची फ्री किक थेट जाळ्यात. एक-शून्य. तोच निकाल.

ला लीगाच्या इतिहासात इतक्या छोट्या गावाचा क्लब क्वचितच खेळलाय. तेव्हा इपुरुआमध्ये बसायला जागा पाच हजारांच्या थोडी वर. बार्सिलोनाच्या कँप नोऊमध्ये ९९ हजार. म्हणजे एइबारचं अख्खं गाव, तान्ह्या बाळांसकट, कँप नोऊमध्ये नेऊन बसवलं तरी जेमतेम पाव स्टेडियम भरेल. त्या सीझनमध्ये रोनाल्डो इपुरुआत खेळून गेला, मेस्सी खेळून गेला, दोघांनीही दोन-दोन गोल मारले. वरच्या बाल्कन्यांमधून ते फुकट दिसले.

पण सीझनचा दुसरा अर्धा भाग वाईट गेला. अठराव्या नंबरवर संपला, म्हणजे नियमाने खाली. आणि मग नशिबाने फासा पलटला. तेराव्या नंबरवर असलेल्या एल्चे क्लबने कर थकवला होता, म्हणून लीगने त्यालाच खाली पाठवलं. एइबार वाचला. वर्षभरापूर्वी ज्यांना 'तुमच्याकडे पुरेसे पैसे नाहीत' म्हणून काढणार होते, ते वाचले, कारण त्यांच्यावर कोणाची उधारी नव्हती.

मला फुटबॉलमध्ये नशीब वगैरे फारसं पटत नाही. पण हा हिशोब मात्र मला फार आवडतो.

पैसे आले, मग काय केलं?

२०१५ मध्ये स्पेनने टीव्हीचे हक्क एकत्र विकायचा कायदा केला. छोट्या क्लबांच्या वाट्याला अचानक मोठी रक्कम आली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे रोज बघतो: फंडिंग आलं की पहिल्यांदा नवं ऑफिस. मोठी इमारत, काचेच्या भिंती, आणि दोन वर्षांनी निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

एइबारने शहराबाहेर चकाचक स्टेडियम बांधलं नाही. त्यांनी इपुरुआचंच एकेक स्टँड घेतलं, पाडलं, थोडं मोठं करून परत बांधलं. मधे सामने चालूच. पाच हजारांवरून टप्प्याटप्प्याने आठ हजारांच्या वर. म्हणजे गावातल्या दर दहा माणसांमागे तीन खुर्च्या. त्याहून मोठं बांधून भरणार कोण? हा प्रश्न त्यांनी बांधायच्या आधी विचारला.

या छोट्या मैदानावर होसे लुइस मेन्दिलिबारने २०१५ पासून संघ असा खेळवला की समोरच्याला श्वास घेता येऊ नये. सगळे पुढे, सतत प्रेस. मैदान अरुंद असल्याने हा खेळ तिथे फार चालायचा. जपानचा ताकाशी इनुई इथे आला आणि त्याच्यामागे जपानी चाहते. गावातल्या चाहत्यांच्या एका गटाचं नाव 'एस्कोझिया ला ब्रावा', म्हणजे शूर स्कॉटलंड. बास्क डोंगरात स्कॉटलंडचे झेंडे! २४ नोव्हेंबर २०१८ ला याच मैदानावर त्यांनी रेआल माद्रिदला तीन-शून्य हरवलं. माद्रिद तेव्हा सलग तीन वेळा चँपियन्स लीग जिंकून आलेलं होतं.

सात सीझन टिकले. शेवटचा सीझन २०२०-२१, कोविडचा. स्टेडियम रिकामी. ज्या मैदानाची निम्मी ताकद कानाशी ओरडणाऱ्या लोकांत होती, तिथे शांतता. एइबार शेवटच्या नंबरवर राहिला आणि खाली गेला. त्या एकाच कारणाने गेला असं मी म्हणणार नाही, संघही थकला होता. पण ती शांतता आठवली की वाईट वाटतं.

त्यानंतर वर यायची संधी तीनदा हुकली. २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी, आधीच खाली गेलेल्या आल्कोर्कोनविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत गोल खाल्ला. मग प्लेऑफमध्ये जिरोनाकडून हरले. २०२३ मध्ये आलावेसकडून, २०२४ मध्ये ओविएदोकडून.

मोठे मालक असलेले कितीतरी क्लब अशा धक्क्यांनंतर कोसळतात. मालकाचा मूड जातो, पगार थकतात, मैदान गहाण पडतं. इपुरुआ गहाण पडू शकत नाही, कारण ते क्लबचं नाहीच. आणि क्लब एका रात्रीत कोणा एकाला विकला जाणं अवघड, कारण तो हजारो लोकांत वाटलेला आहे. दोन कुलुपं आहेत, आणि दोन्हींच्या किल्ल्या गावाकडे.

आता आपल्याकडे

हा भाग मी खरं तर का केला, ते सांगतो.

कोल्हापूरला शाहू स्टेडियम आहे. तालमींचे संघ, पेठापेठांची खुन्नस, सीझनला खच्चून गर्दी. मामासारख्या माणसांचं अर्धं आयुष्य त्या एका मैदानाभोवती गेलं. तिथे मैदान टिकलं म्हणून खेळ टिकला. पण मी वाढलो तालुक्याच्या गावात, आणि आमच्याकडे होतं एक साधं मोकळं मैदान. गवत कमी, दगड जास्त. एका बाजूचा गोलपोस्ट म्हणजे दोन बाभळी. माझ्या घोट्यावर अजून त्या मैदानाची खूण आहे.

काही वर्षांपूर्वी त्या जागेचं आरक्षण बदलायचं ठरलं. विकास योजनेत ती जागा 'खेळाचे मैदान' म्हणून होती. बदलाची जाहीर सूचना पेपरात आली: हरकती आणि सूचना एक महिन्याच्या आत लेखी द्याव्यात. मित्राने त्या कात्रणाचा फोटो ग्रुपवर टाकला. आम्ही सगळ्यांनी रडणाऱ्या इमोजी टाकल्या. कोणीतरी जुना टीम फोटो शोधून काढला, त्यावर दोन दिवस गप्पा झाल्या. मी पुण्यात होतो, रिलीज जवळ आली होती. शनिवारी गावी जाऊन अर्ज देऊ असं मी म्हणालो. तो शनिवार गेला, पुढचाही गेला.

आज तिथे कंपाउंड आहे. बाभळी तोडल्या.

यात मी कोणावर आरोप करत नाहीये. आमच्या एका अर्जाने निकाल बदलला असता का? माहीत नाही, कदाचित नसता. पण एइबारला मुदत होती ६ ऑगस्टची आणि आम्हाला एक महिना. त्यांना चौदा कोटी जमवायचे होते. आम्हाला एका कागदावर सही करायची होती. पन्नास युरोचं कार्ड नव्हतं ही माझी सबब २०१४ मध्ये चालली. सही करायला कार्ड लागत नव्हतं.

म्हणून जाता जाता एक छोटं काम देतो. तुम्ही जिथे खेळलात, किंवा आता तुमच्या गल्लीतली पोरं जिथे खेळतात, त्या जागेबद्दल दोन गोष्टी शोधून काढा. एक, मालकी कोणाची? सातबारा किंवा सिटी सर्व्हेच्या मिळकत पत्रिकेवर कळेल. दोन, विकास योजनेत तिथे आरक्षण काय? नगरपालिकेत झोन दाखला मागितला की समजतं. बरेचदा आपण जिला 'आपलं मैदान' म्हणतो ती जागा कागदावर कोणाचीच मैदान नसते. आणि कधी कधी ती असते, पण ते फक्त त्यालाच माहीत असतं ज्याला ती नकोय.

मामाला हा भाग आधी ऐकवला. पूर्ण ऐकून तो म्हणाला, "त्या वेळी मला सांगायचं नाहीस, की मैदानाचा विषय आहे म्हणून? बॉलचा विषय वाटला मला." मग जरा थांबून म्हणाला, "दिले असते रे चार हजार."

तुमच्या मैदानाची गोष्ट असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नाव सांगा, गाव सांगा, आणि गोलपोस्ट कशाचा होता ते नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा!